वळणाईचं मीठ

मोलगी, ता. ३ फेब्रुवारी १९५८

प्रिय रतिलाल,

तुझं पत्र पोचलं. चुनीलालबद्दल लिहिलंस ते वाचलं. धाकटा भाऊ घर सोडून गेला की थोरल्याचं काय होतं ते मी सांगू शकत नाही. मला भाऊ नाही, मावसभाऊ तू तेवढा. पण बावीस वर्षांचा, हातपाय धड असलेला माणूस उपाशी मरत नाही. येईल.

आता कामाचं बोलू. झोप येत नाही म्हणून आपला जुना खेळ, 'पलीकडचा मुलूख', पुन्हा मांडू म्हणतोस. मांडू की. माझ्या शाळेच्या पटावर एकतीस मुलं, त्यातली नऊ येतात, आणि संध्याकाळी बोलायला इथे कोणी नाही. पण खेळ सुटल्याला बारा वर्षं झाली, तू सगळे नियम विसरला असशील आणि नेहमीसारखा 'असं कुठे ठरलं होतं' म्हणून हुज्जत घालशील, म्हणून एकदाच पाकिटात घालून लिहून पाठवतो. वही माझ्याजवळ आहे. तुमच्या खळ्यात बसून, तापीपल्याडचे निळे डोंगर बघत आपण ती केली तेव्हा तू चौथीत होतास. आज मी त्याच डोंगरांत मास्तर आहे, आणि इथून ते अजिबात निळे दिसत नाहीत.

माणसं तुझी, देव माझे. एक चिंचोका म्हणजे एक घर. ज्या देवापुढे जितकी घरं तितकं त्याचं बळ. देव किती जुना आणि पुजारी किती मोठ्यानं ओरडतो याला किंमत नाही. तू घरं काढून घेतलीस की देव लंगडा होतो. शेवटचं घर काढलंस तरी मरत नाही, नुसता गप्प होतो, आणि त्याला परत उठवायला सात घरं लागतात. प्रत्येक देवाचं खातं ठरलेलं. विहिरीच्या देवाकडे मूल मागितलंस तर मी कवड्या टाकणारच नाही. देव आपणहून कधी बोलत नाही; तू विचारायचं, मी पाच कवड्या टाकायच्या, उताण्या जास्त पडल्या तर हो. खोटा कौल मी आजवर दिलेला नाही, ज्वारीच्या देवाच्या वेळीसुद्धा नाही, तुला काय म्हणायचं ते म्हण.

नवसाचा नियम कडक आहे तो नीट वाच. एका साक्षीदारासमोर तोंडानं बोलला की नवस लागला. मग तो ना माणसाला मोडता येतो ना देवाला. आणि एकाच देवाला दोन घरं दोन तऱ्हांनी पुजायला लागली की पंथ फुटला असं धरायचं. ते काम तू दर डावात करतोसच.

घणकऱ्यांचा पंथ अजून वहीत आहे. ते हात जोडत नाहीत, दिवसातला पहिला घडवलेला खिळा देवापुढे टाकतात आणि कामाला लागतात. त्यांची घरं अकराच, पण इतक्या वर्षांत एकही फुटलं नाही. मला तो पंथ फार आवडतो.

यापुढचे डाव कार्डांवर पाठवीन. इथे पाकिटं मिळायची मारामार आहे. मावशीला नमस्कार.

तुझा,
पितांबर

---

कोरीट, ता. २० फेब्रुवारी १९५८

पितांबर,

नियम वाचले. वहीत तू दहाबारा तरी नंतर घुसडलेले दिसतात, पण जाऊ दे. सरलाला चिंचोके मागितले तर म्हणाली, खळ लावायला का? मी म्हटलं हो. बत्तीस वर्षांच्या माणसानं बायकोला काय सांगावं?

मांडतो. साठ घरं. वीस विहिरीच्या देवाला, अकरा तुझ्या घणकऱ्यांना, पंधरा ज्वारीच्या देवाला, तो लबाड असला तरी. चौदा हातात राखून ठेवली आहेत. नवीन देव काढ, जुन्यांना मी कंटाळलो. आणि असा काढ की ज्याचा काही उपयोग होईल.

चुनीची खबर नाही. तुला खरं लिहितो, बाकी कोणाला सांगत नाही. भरल्या गाडीसकट त्यानं बैल गाळात घातले, एकाचा पाय कायमचा गेला, आणि मी कासरा उचलून त्याला मारलं. खळ्यात पंधरा माणसं होती. त्यानं संध्याकाळी वैरण टाकली, दुसऱ्या दिवशी अंथरूण रिकामं. सुरतेला माणूस पाठवला, धुळ्याला पाठवला. आईनं आधी आठ दिवस मला विचारलं, मग विचारणं सोडलं. आता ती माझ्याशी फक्त गुराढोरांचं बोलते. भरल्या घरात असं राहणं फार वाईट आहे, पितांबर.

तर देव काढ.

रतिलाल

---

मोलगी, ता. १४ मार्च १९५८ (दोन कार्डं, पहिलं आधी वाचावं)

रतिलाल, नवी देवी सांगतो. नाव वळणाई. डोंगरात वाट वळते तिथे ती असते. देऊळ नाही, मूर्ती नाही. घर सोडून निघालेली माणसं तिच्या खात्यात. ती कोणाला ओढून परत आणत नाही, पण जो तिच्या वळणावर आला त्याला सांभाळते. भाकर देते, पाठ टेकायला जागा देते, तापात पडला तर उशाशी बसते. तिच्यापाशी आलेलं माणूस सुखरूप असतं एवढं पक्कं समजावं.

ते कुठे आहे हे मात्र ती सांगत नाही. आलेल्यानं तिच्या पायावर हात ठेवून शब्द घेतलेला असतो. तिला सांगावंसं वाटत नाही असं नाही.

तिचा नवस मिठाचा. ज्याचं माणूस गेलंय त्यानं नवस बोलला त्या दिवसापासून मीठ सोडायचं. माणूस दारात आलं की पाच शेर खडेमीठ आपल्या हातानं डोंगरच्या माणसांना वाटायचं, आणि मगच मीठ तोंडाला लावायचं. इकडे मिठाची किंमत तुम्हा खालच्या लोकांना कळायची नाही. बाजाराच्या दिवशी माणसं दहा-दहा मैल चालून येतात ती मुख्यतः मिठासाठी.

बाकी सर्व ठीक. आंब्याला मोहर बरा आहे.

पितांबर

---

कोरीट, ता. १२ एप्रिल १९५८

पितांबर,

वळणाईला चौदाच्या चौदा घरं दिली. लगेच दोन तट पडले. सात घरं म्हणतात नुसतं वरचं मीठ सोडायचं, सात म्हणतात भाजीतलंसुद्धा. मी काही केलं नाही, ती आपोआप भांडली.

देवी तू चांगली काढलीस, पण मला तिचा राग येतो. ठाऊक आहे तर सांगत का नाही? शब्द दिला म्हणे. ज्याला दिला तो खुशाल झोपतो, आणि घरचे जागे. कवड्या टाक आणि विचार तिला हे.

तुझी कार्डं इथे सगळं घर वाचतं हे तुला सांगायला हवं. नथ्थू पोस्टमन ओट्यावर बसून आधी आपण वाचतो, मग सरला आईला चुलीपाशी वाचून दाखवते. आई म्हणते, पितांबर डोंगरातल्या बातम्या फार सविस्तर लिहितो. घणकऱ्यांच्या डावाचं कार्ड ऐकून परवा मला विचारत होती, तिकडे खिळा टाकून पाया पडतात ते लोक कोण? मला इतकं हसू आलं की मी उठून गोठ्यात गेलो. तिला काय समजावणार.

आखाजी आली. दोघी बहिणी माहेरी येतील, झोके बांधायचे आहेत. या वर्षी झाडावर चढायला चुनी नाही.

रतिलाल

---

कोरीट, ता. १० जुलै १९५८

पितांबर,

तीन महिने डाव पाठवला नाही. हेही डावाचं पत्र नाही, नीट वाच.

आषाढात निंदणी चालू असताना आई बांधावर चक्कर येऊन पडली. त्याआधी महिनाभर तिच्या पोटऱ्यांत गोळे येत होते, काही खाल्लं की मळमळायचं. आम्हाला वाटलं ऊन, वय. मी तिला चिंचपाड्याच्या मिशन हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई भल्या आहेत. त्यांनी रक्त तपासलं आणि मला बाहेर बोलावून विचारलं, ही बाई मीठ खात नाही का? मी म्हटलं, असं कसं होईल, घरात एकच भाजी होते. तेव्हा मागे उभी असलेली सरला रडायला लागली.

आखाजीपासून आई अळणी खाते आहे. भाकरीच्या पिठात मीठ नाही, डाळीत नाही, लोणच्याला हात नाही. सरला तिच्यापुरतं आधी वेगळं काढून ठेवत होती. आईनं तुझ्या वळणाईला नवस केला आहे. चुनी घरी येईपर्यंत मीठ वर्ज्य. सरला साक्षीदार. दोघींनाही ही देवी मोलगीकडची खरीखुरी देवी वाटते. का वाटू नये? नियमांचं पाकीट फक्त मी वाचलेलं, कार्डं त्यांनी. त्या दोन कार्डांवर हा खेळ आहे असं एका अक्षरानं तू लिहिलेलं नाहीस, आणि मीही कधी सांगितलं नाही.

मी आईजवळ बसलो आणि सगळं सांगितलं. वही, कवड्या, चिंचोके, सगळं. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "तुम्ही खेळतस ते खेळा. पण देवी काय तुमना बापनी शे?" मी म्हटलं, अगं आई, पितांबरनं ती मनानं रचली. तर म्हणते, त्याच्या मनात कोणी घातली मग? यावर काय बोलायचं ते तू सांग, तू मास्तर आहेस.

डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलंय की हे असंच चाललं तर पावसाळा निघणं कठीण. औषध म्हणून दिलेलं मिठाचं पाणी ती ओठाला लावत नाही. ओळखते, गोड हसते, आणि ग्लास खाली ठेवते.

देव तुझे आहेत. तू आईला पत्र लिही की वळणाईनं नवस सोडवला. तुझं ती ऐकेल. तुझी आई गेल्यापासून तुला तिनंच वाढवलंय, तिचा तुझ्यावर माझ्यापेक्षा जास्त जीव आहे. दोन ओळी लिही, बस.

रतिलाल

---

मोलगी, ता. २४ जुलै १९५८

प्रिय रतिलाल,

तुझं पत्र बारा दिवसांनी मिळालं. ओढे भरलेत, डाक चालत येते.

मावशीचं वाचलं. मला हे स्वप्नातसुद्धा आलं नव्हतं. तू म्हणतोस तसं पत्र मी तीनदा लिहायला घेतलं. जमत नाही. नवस सोडवण्याचा नियम वहीत नाही, आणि मावशीनं कार्डं तुझ्यामाझ्यापेक्षा ध्यानात ठेवली असणार. नवस देवीलाही मोडता येत नाही असं लिहिणारा मीच, आता तिनं मोडला म्हणून कसं लिहू? ती लगेच विचारील, तुला कोणी सांगितलं? माझं खोटं तिला कळतं. लहानपणी गूळ चोरला तरी ती नुसती माझ्याकडे बघायची आणि मी कबूल व्हायचो.

साक्षीदारानं अर्धा नवस आपल्या अंगावर घ्यावा अशी काही वाट काढता येईल का बघतो. म्हणजे वहिनींनी एक वेळचं मीठ सोडावं आणि मावशीनं एक वेळचं खावं. तोवर तिला ताक पाजत जा, फळं दे. मला थोडे दिवस दे. मी काहीतरी करतो.

पितांबर

---

कोरीट, ता. ६ ऑगस्ट १९५८

पितांबर,

अर्धा नवस! तुझी अक्कल कुठे गेली? सरलानं आईला विचारलं, आई म्हणाली, पोऱ्या मन्हा गया शे, अर्धा गया का?

काल संध्याकाळी तिनं सरलाला तुझ्या आईच्या नावानं हाक मारली आणि विचारलं, रुक्मिणी, पितांबर जेवला का? रुक्मिणीमावशीला जाऊन पंचवीस वर्षं झाली. थोड्या वेळानं ती भानावर आली. पुन्हा येईलच असं नाही.

तू मला नियम शिकवू नकोस. तू काहीतरी करतो म्हणालास, त्याला तेरा दिवस झाले. तुला वहीची पडली आहे का माझ्या आईची, एवढं एक कळव. कार्डावर कळवलंस तरी चालेल, नथ्थू वाचू दे.

रतिलाल

---

मोलगी, ता. १७ ऑगस्ट १९५८

रतिलाल,

चुनीलाल माझ्याकडे होता. गेल्या डिसेंबरच्या सोळा तारखेपासून.

हे वाक्य मला आठ महिन्यांपूर्वी लिहायचं होतं. तो रात्रीचा चालत आला, पाय फुटलेले. मी पाणी दिलं तर घेईना. आधी शपथ घे म्हणाला, तुझ्या मेलेल्या आईची, घरी कळवणार नाहीस. मी घेतली. मला वाटलं आठवडाभरात राग निवेल. निवला नाही. जंगलखात्याच्या कूपावर, तोडीच्या जागी, लाकडं मोजायला त्याला मी लावून दिलं, राहायला माझ्याचकडे. फेब्रुवारीत मी तुला 'संध्याकाळी बोलायला कोणी नाही' असं लिहिलं तेव्हा तो समोर बसून भाकरी थापत होता. एप्रिलमध्ये त्याला हिवताप आला, मी उशाशी बसलो. देवी तापात उशाशी बसते असं लिहिलेलं कार्ड तेव्हा आधीच तुमच्याकडे पोचलं होतं. बाकी वळणाईबद्दल मी जे जे लिहिलं ते माझ्याच घरातलं होतं. शब्द मोडायचा नव्हता आणि मावशी काळजी करते हेही सोसवत नव्हतं, म्हणून मी ते देवीच्या तोंडून लिहिलं. निदान तुला वाचून बरं वाटेल असं वाटलं. मावशी वाचेल हे ध्यानातच आलं नाही. तिनं मात्र बरोबर वाचलं.

याहून वाईट पुढे आहे. तुझं जुलैचं पत्र आलं तेव्हा शपथेचा प्रश्नच उरला नव्हता. घरी कळवायचं नाही एवढीच शपथ होती. घरचं पत्र चुनीला दाखवायचं नाही असं कोणी म्हटलं नव्हतं. तरी मी ते चोवीस दिवस सदऱ्याच्या खिशात ठेवलं. तो घरी गेला की मी इतके महिने काय केलं ते तुम्हा सगळ्यांना कळणार होतं. मावशीला कळणार होतं. त्या भीतीनं मी तुला अर्ध्या नवसाच्या गोष्टी सांगितल्या. तिकडे ती झिजत होती आणि मी आपली लाज सांभाळत होतो. दुसरं कारण नाही, शोधून सापडणारही नाही.

तुझं दुसरं पत्र परवा आलं. मी दोन्ही पत्रं त्याच्यापुढे ठेवली. त्यानं वाचली, मग घडी केली, मग पुन्हा उघडून वाचली. तुझ्याबद्दल एवढंच बोलला: "भाऊनी मारं त्यानं काही नही. समदासना समोर मारं." माझ्याकडे त्यानं बघितलंही नाही. त्याच पावली निघाला. मी म्हटलं ओढ्याला पाणी आहे, सकाळी जा. थांबला नाही. इथला गोवाल पावरा आपणहून त्याच्यासोबत अक्कलकुव्यापर्यंत गेला. पुढे तळोद्याहून तापीची नाव मिळाली तर हे पत्र यायच्या आधी तो दारात असेल. तो आला नसेल तर ताबडतोब माणूस पाठव आणि मला कळव.

वही मी चुलीत घातलेली नाही. घालणार होतो. पण तसं केलं तर मावशीचा नवस कोणाकडे राहील, असं काहीतरी मनात आलं आणि ठेवून दिली.

पितांबर

---

कोरीट, ता. ३० ऑगस्ट १९५८

पितांबर,

चुनी वीस तारखेला दुपारी आला. तापीला पूर होता, दोन दिवस पलीकडच्या काठावर अडकला होता. पत्र चार दिवसांनी आलं.

मी खळ्यात होतो. निंदणीचे मजूर जेवायला बसले होते, डोंगरातलेच सगळे. तो समोर येऊन उभा राहिला. मी उठलो आणि त्या सगळ्यांसमोर त्याच्यापुढे हात जोडले. ते मी तुझ्या पत्रामुळे केलं नाही, ते तेव्हा आलंच नव्हतं. आठ महिने मनात होतं ते केलं. तो म्हणाला, राहू दे भाऊ, बैल कसा शे? मग आम्ही घरात गेलो.

आई खाटेवर पडलेली. तिनं त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवला, दोन्ही कान चाचपले, लहानपणी तापात बघायची तसे. रडली नाही. सरलाला म्हणाली, याला जेवायला वाढ. त्यानं ताट तिच्याजवळ आणलं आणि आपल्या हातानं घास पुढे केला. तिनं तोंड फिरवलं. नवस अजून फिटलेला नाही. पाच शेर मीठ डोंगरच्या माणसांना तिच्या हातानं, मगच.

आता तिला मोलगीला यायचं आहे. देवी तिकडची, मीठ तिकडे. तापी ओलांडून, अक्कलकुवा करून, वर चढून. खाटेवरून ओसरीपर्यंत जाताना ती दोनदा बसते. मी म्हटलं, दिवाळीनंतर जाऊ, तोवर खा. हसते आणि ग्लास खाली ठेवते. तिचं माणूस परत आलं आणि तरी ती आमच्या हातातून जाते आहे.

तुझ्याशी बोलायचं की नाही ते मी अजून ठरवलेलं नाही. चुनी म्हणतो त्यानंच शपथ घातली, तुला बोलू नये. ते त्याचं झालं. पण तुझी देवी बसते कुठे, एवढं सांग. मी तिला खांद्यावर घेऊन येईन.

रतिलाल

---

मोलगी, ता. ११ सप्टेंबर १९५८

रतिलाल,

जागा नाही. मी वहीत जागा लिहिलीच नव्हती. काल दिवसभर वाटा फिरलो, कोणत्या तरी वळणावर दगड मांडून खूण करावी म्हणून. मांडला आणि परत काढला. मावशीला पुन्हा फसवायला हात धजेना. मला काही सुचत नाही. ती निघणार असेल तर मला कळव, मी खाली उतरतो, वाटेत तिची डोली मी धरीन.

पितांबर

---

कोरीट, ता. ५ ऑक्टोबर १९५८

पितांबर भाऊजींस सरलाबाईचा नमस्कार.

सासूबाईंनी सांगितलं म्हणून लिहिते. त्या खाटेवर शेजारी बसून आहेत आणि मी काय लिहिते ते परत वाचून घेत आहेत, म्हणून माझ्या मनाचं काही घालता येत नाही.

तुमचं कार्ड मी त्यांना वाचून दाखवलं. देवीला जागा नाही हे त्यांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी निंदणीवरची कमलीबाई चुलीपाशी आली, भाकरीबरोबर खायला मिठाचा खडा मागायला. ती तुमच्या मोलगीच्याही वरच्या पाड्यावरची आहे. सासूबाईंनी तिला जवळ बसवलं आणि वळणाई माहीत आहे का विचारलं. कमलीबाईनं थोडा विचार केला. नाव ऐकलेलं नाही, म्हणाली, पण डोंगर मोठा आहे, असेल कुठेतरी. देवीचं मीठ असेल तर द्या, नाही म्हणणार नाही. सासूबाई मला म्हणाल्या, सरला, डोंगर तर आपल्या खळ्यात उतरून बसलाय आणि मी त्याला शोधायला निघाले.

धाकट्या भाऊजींनी पाच शेर खडेमीठ आणलं. आम्ही त्यांना उचलून खळ्यात नेलं, खाली पोतं अंथरलं. तेवीस माणसं होती. प्रत्येकाच्या पदरात, पंच्यात त्यांनी स्वतःच्या ओंजळीनं घातलं. मधे दोनदा मीठ सांडलं, ते वेचून परत दिलं. कोणी विचारलं कशाचं, तर म्हणाल्या, देवीनी मन्हा पोऱ्याले सांभाळं, तेन्हं. थाळी रिकामी झाल्यावर तळाशी चिकटलेला एक खडा राहिला होता. तो त्यांनी तोंडात टाकला आणि डोळे मिटून बसल्या. तुमचे भाऊ खळ्याच्या कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

त्याला बारा दिवस झाले. आता त्या डाळभात खातात, मिठाचं पाणी घेतात. काल ओसरीपर्यंत एकट्या गेल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेत झालं.

मी त्यांना सगळं वाचून दाखवलं आहे, तुमचं सतरा ऑगस्टचं पत्रही. तुमचे भाऊ नको म्हणत होते. चोवीस दिवसांचं आलं तेव्हा त्यांनी मला थांबवलं आणि ते पुन्हा वाचायला लावलं. त्यानंतर आज पहिल्यांदा तुमचं नाव काढलं आणि म्हणाल्या, कागद आण. पुढचं त्यांच्या शब्दांत लिहिते, तसंच लिही म्हणाल्या:

"पितांबर, देवीवर मन्हा राग नही. तिले तोंड नही, म्हणीसन ती बोलनी नही. तुले तोंड व्हतं. मन्ही बहीणनी शपथ तू लिधी, अन् तिन्हीच बहीणले तू मरू देत व्हता. मी तुले पोटना पोऱ्यानागत वाढं, तुले मन्हं भ्या कसाले वाटनं? दसराले जेवाले ये. चुनी शे, रतिलाल शे, समदा शेतस. तुन्हा ताटमा मी मीठ वाढसू नही. लागी तं तोंड उघाडीसन मांग."